गाळा राखीव आहे

ग्रंथपालांनी उभ्या आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं, आणि ते एकच त्यांना पुरून उरलं.

एरवी हा माणूस उत्तरांच्या बाबतीत भलताच काटेकोर. सार्वजनिक ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी झाली, पण आलेल्या पत्राला आठ दिवसांच्या आत उत्तर गेलं नाही असं कधी घडलं नाही. 'वाचनकक्षातला पंखा करकरतो' अशी एक निनावी चिठ्ठी एकदा आली होती. उत्तर पाठवायला पत्ता नव्हता, म्हणून त्यांनी ते सूचनाफलकावर लावलं, खाली सही आणि तारखेसकट. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. विजेचं बिल आलं तरी 'मिळालं, आभारी आहे' एवढं तरी कळवावं असं त्यांच्या मनात येई. बायको डोळे वटारी म्हणून राहून जाई, इतकंच.

आणि ते अनुत्तरित पत्र तरी असं काय मोठं होतं! वहीच्या रेघी कागदावर, ठळक, जराशा तिरप्या अक्षरात दहा-बारा ओळी:

'साहेबांस नमस्कार. तुम्ही घेतलेल्या गाळ्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर मी राहते. पुढच्या खोलीत माझा शिवणवर्ग चालतो. चार मशिनं आहेत, बारा मुली येतात. मुलाचं लग्न ठरलं आहे, तेव्हा खोली मोकळी करावी लागेल. गाळा मला भाड्यानं मिळेल का? मला परवडेल ते भाडं खाली लिहिलं आहे. कमी वाटलं तर तसं सांगा. नाही म्हणायचं असेल तरी कळवा, म्हणजे मी दुसरीकडे बघायला मोकळी.'

या पत्राला अकरा महिने झाले होते. मुलाचं लग्न होऊन गेलं होतं. सुनेला दिवस गेले होते. ग्रंथपालांचं उत्तर मात्र टेबलाच्या खणात, दोन ओळींवर अडून बसलं होतं.

गाळा ग्रंथपालांचा, पण तो कागदोपत्री. पैसे बायकोचे. तिच्या आईचं घर विकलं गेलं तेव्हा तिच्या वाटणीला जे आलं, ते सगळंच्या सगळं त्या दहा बाय अठराच्या जागेत गेलं. सल्ला मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ टायरच्या दुकानात व्यवस्थापक होता, पण रोज सकाळी वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान वाचून वाचून तो अर्थतज्ज्ञ झाला होता. दिवसही तसेच होते. गावातल्या एका बँकेनं आठवडाभर दारं लावून घेतली होती. कारखान्यानं दोन पाळ्यांची एक केली होती. वर्तमानपत्र सोमवारी मंदी आली म्हणे, गुरुवारी मंदी संपली म्हणे, आणि रविवारी दोन्ही बाजूंचे लेख शेजारी शेजारी छापी.

"ताई, बँकेत ठेवशील तर बँक बसेल. सोन्यात ठेवशील तर चोर नेतील," मेहुणा म्हणाला होता. "जागा कुणी उचलून नेत नाही. आणि जागा बुडत नाही. लिहून घे."

ताईनं लिहून घेतलं नाही, पण ऐकलं. तिनं एकच अट घातली, आणि ती भावाला नाही, नवऱ्याला.

"हे आईच्या घराचे पैसे आहेत," ती म्हणाली. "कमीजास्त झाले तर मी रडत बसणार नाही. पण ते घर शेवटची चार वर्षं कुलपात होतं. वाळवीनं दारं खाल्ली तेव्हा मी बघितलंय. या जागेला कुलूप लागलेलं मला चालणार नाही. कुणीतरी तिथं कामाला बसलं पाहिजे."

"बसेल की," ग्रंथपाल म्हणाले.

हे 'बसेल की' आपण किती सहज म्हणून गेलो, हे आठवून त्यांना पुढे अनेकदा दरदरून घाम फुटला.

पत्र आलं त्याच संध्याकाळी त्यांनी कोरा कागद घेतला, पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि उत्तराला सुरुवात केली. 'आपले पत्र मिळाले. वाचून आनंद झाला.' इथवर मजकूर झाला होता, तेवढ्यात मेहुणा आला. बायको बाहेर गेली होती. ती घरात असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

"काय लिहिताय, भाऊजी?" असं म्हणत मेहुण्यानं पत्र उचललंसुद्धा. "हे भाडं? काय सांगताय! मंदीत एकदा कमी भाड्यानं दिलं ना, की ते भाडं जन्मभर तिथंच बसतं. सहा महिने थांबा. बाजार उठतोय."

"मग नाही म्हणून कळवू?"

"नाही कशाला? बाजार नाही उठला तर हीच बाई उपयोगी पडेल."

"मग काय कळवू?"

"काही नाही. गप्प बसायचं. व्यवहारात गप्प बसण्याला फार किंमत असते, भाऊजी. आणि ताईला आत्ताच काही बोलू नका, ती लगेच हो म्हणून मोकळी होईल."

ग्रंथपालांनी दुसरं मत घ्यायचं ठरवलं आणि खालच्या मजल्यावरच्या कर्नलना गाठलं. कर्नल हे नुसतं टोपणनाव. त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात झाली होती, पण मिशा सैन्यातल्या होत्या आणि बोलणं हुकमाचं.

"समोरच्याला आपले पत्ते दाखवायचे नाहीत," कर्नल म्हणाले.

"पण त्या बाई शिवण शिकवतात हो."

"शिकवू देत. तुम्ही पत्ते झाका."

बाजार कधी उठेल असं तुम्हाला वाटतं, असं ग्रंथपालांनी भीत भीत विचारलं. कर्नलनी खिडकीतून आभाळाकडे बघितलं आणि येत्या काही दिवसांत बदलाची शक्यता वर्तवली.

ग्रंथपालांना स्वतःच्या मतापेक्षा दुसऱ्याचं मत नेहमीच अधिक विचारपूर्वक बनवलेलं वाटे. आपल्याला पुस्तकांतलं थोडंफार कळतं, व्यवहारातलं काही कळत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. तिला धक्का लागेल असं आयुष्यात काही घडलंही नव्हतं. दोन ओळींचं उत्तर, तिकीट लावलेलं पाकीट आणि बाईंचं पत्र अशी तिन्ही कागदपत्रं खणात गेली.

इथवरही ठीक होतं. जगात हजारो माणसं पत्रांना उत्तरं देत नाहीत आणि रात्री गाढ झोपतात. पण ग्रंथपालांच्या हाडीमाशी एक नियम मुरला होता. एखाद्या पुस्तकाची मागणी वाचकानं नोंदवली की ते पुस्तक राखीव. त्याचा निकाल लागेपर्यंत ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, मग समोर कुणीही येवो. या नियमापायी त्यांनी एकदा एका न्यायाधीशांना स्वयंपाकाचं पुस्तक नाकारलं होतं, कारण ते आधी एका ट्रकचालकानं मागितलं होतं.

आता गाळ्याची पहिली मागणी शिवणवाल्या बाईंची. ती लेखी आलेली. तिचा निकाल लागलेला नाही. म्हणजे गाळा राखीव. आणि निकाल तर लावायचा नाही, कारण बाजार उठतोय. एवढं सरळ होतं सगळं.

तिसऱ्या महिन्यात एक चष्मेवाला आला. भला माणूस. गाळ्यासमोर उभा राहून त्यानं पावलांनी लांबी-रुंदी मोजली, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि बाईंच्या सव्वापट भाडं बोलला.

"जागा राखीव आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"अरेरे! कुणाला दिलीत?"

"दिली नाही. एक अर्ज आलेला आहे."

"मग त्यांना देणार आहात."

"तसं ठरलेलं नाही."

"मग त्यांना नाही म्हटलंत का?"

"नाही. म्हणजे, नाही म्हटलेलं नाही. त्यांना अजून उत्तरच दिलेलं नाही."

चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ग्रंथपालांकडे नीट बघितलं. नंबर बदललेला नव्हता, समोरचा माणूस तोच होता. "बरं," एवढंच म्हणून तो गेला आणि त्यानं पुढच्या चौकात दुकान थाटलं. त्या दुकानावरून जाताना ग्रंथपाल मान खाली घालत. आणि बायकोनं "आलं का कुणी विचारायला?" असं विचारलं की "दिवस मंदीचे आहेत," असं म्हणत. हे वाक्य खोटं नव्हतं. फक्त ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

शिवणवाल्या बाई स्वतः एकदाच बोलल्या. रस्त्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "साहेब, पत्र पोचलं ना माझं?"

"पोचलं, पोचलं. विचाराधीन आहे."

"बरं," बाई म्हणाल्या आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेल्या. त्या दिवसापासून ग्रंथपाल गाळ्याकडे मागच्या बोळातून जाऊ लागले. स्वतःच्या मालकीच्या जागेत चोरासारखं शिरायचं म्हणजे मानहानीची परिसीमा, पण तीही त्यांनी अंगवळणी पाडली.

पाचव्या महिन्यात वरच्या टाकीचा पाइप फुटला आणि जागा बुडाली. अक्षरशः. घोट्याच्या वर पाणी. ग्रंथपाल धापा टाकत पोचले तेव्हा शटरच्या फटीबाहेर कापडाच्या चिंध्यांचा एक भलामोठा बोळा लावलेला होता, आणि बाई साडी खोचून, खराट्यानं रस्त्यावरचं पाणी गटारात लोटत होत्या.

"वरचा कॉक मी बंद केलाय," त्या म्हणाल्या. "शटर उघडा, आतलं काढू."

दोघांनी मिळून तासभर पाणी काढलं. ग्रंथपालांच्या मनात त्या तासात निदान वीस वेळा आलं की आत्ता सांगावं. पण काय सांगावं? हो म्हणावं तर मेहुणा, नाही म्हणावं तर समोर खराटा. शेवटी ते म्हणाले, "मी आपला अत्यंत आभारी आहे." बाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, की आपण आभार मानले की अपमान केला हेच त्यांना कळेना.

"जागा बुडत नाही म्हणाला होतास," घरी आल्यावर ते मेहुण्याला म्हणाले. आयुष्यातला त्यांचा हा एकमेव टोमणा.

"भाऊजी, हे पाणी आहे. मी बाजाराविषयी बोलत होतो," मेहुणा म्हणाला.

जागेला ओल धरू नये म्हणून ग्रंथपालांनी मग रोज सकाळी शटर उघडून तिथं बसायला सुरुवात केली. यात त्यांचा दुसराही एक हिशेब होता. कुणीतरी तिथं बसलं पाहिजे, ही बायकोची अट अशानं निदान अर्धी तरी पाळली जात होती. खुर्ची नेली, दिवा नेला, घरातली जागेअभावी कोंडलेली दोन खोकी पुस्तकं नेली. लोक डोकावू लागले. इथं झेरॉक्स मिळते का? शेजारच्या डॉक्टरांचा नंबर इथं लावायचा का? ग्रंथपाल नम्रपणे नाही म्हणत. एक पेन्शनर रोज दहा वाजता येऊन वर्तमानपत्र वाचू लागले, त्यांना नाही म्हणणं जमलं नाही. शिवणवर्गातल्या एका मुलीनं जाता जाता एक पुस्तक मागितलं. दिलं. देताना सवयीनं वहीत नाव, तारीख लिहिली. आठवड्यात सात नावं झाली. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ग्रंथपालांना सकाळ कधी होते असं झालं होतं.

पण सुखाचे दिवस मोजकेच असतात, आणि ते मोजायला पालिकेचा माणूस येतो.

झालं होतं असं, की बंद जागेला करात सवलत मिळते ही मौलिक माहिती कर्नलनी पुरवली होती, आणि ग्रंथपालांनी तसा अर्ज केला होता. खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, जागा बंद असल्याचा दाखला आणा. दाखला निरीक्षक देणार. निरीक्षक आतून पाहणी केल्याशिवाय दाखला देणार नाही. म्हणजे जागा बंद आहे हे सिद्ध करायला ती उघडून ठेवायची. निरीक्षक कधी येतील? येतील. ते चार महिन्यांनी आले, सकाळी साडेदहाला, जेव्हा पेन्शनर अग्रलेखावर होते आणि दोन मुली पुस्तकं बदलत होत्या.

"बंद जागा हीच का?" निरीक्षकांनी विचारलं.

"हीच," ग्रंथपाल उठून उभे राहिले.

"पण ही उघडी आहे."

"तशी बंदच आहे. मी फक्त उघडून बसलोय."

निरीक्षकांनी पेन्शनरांकडे बघितलं. पेन्शनरांनी पान उलटलं. निरीक्षकांनी टेबलावरची वही चाळली, नावं, तारखा, परत आल्याच्या खुणा, सगळं कसं आखीवरेखीव. "वही फार छान ठेवलीय," ते म्हणाले. ग्रंथपाल लाजले. कौतुकानं माणूस बेसावध होतो तो असा. दुसऱ्या दिवशी शटरवर नोटीस चिकटली: सदर गाळ्यात विनापरवाना वाचनालय चालवले जात असल्याचे निदर्शनास आले आहे. पंधरा दिवसांत जागेच्या रीतसर वापराचा करारनामा सादर करावा, अन्यथा गाळा सील करण्यात येईल.

विनापरवाना! चौतीस वर्षं ज्याच्या सहीनं या गावातलं एकेक पुस्तक दाखल झालं, त्या माणसाला! ग्रंथपालांनी त्याच दिवशी चार पानी उत्तर लिहिलं. यावरून एवढं तरी सिद्ध झालं की त्यांची उत्तर द्यायची शक्ती शाबूत होती. ते घेऊन ते खिडकीवर गेले. कारकुनानं पानं मोजली.

"हा निबंध कुठं जोडू, काका?"

"ते माझं स्पष्टीकरण आहे."

"स्पष्टीकरणाला फाइल नाही. करारनाम्याला आहे. भाडेकरू नाही का कुणी?"

"एक अर्ज आलेला आहे."

"मग द्या त्यांना आणि सुटा."

"पण बाजार सध्या..."

"बाजार माझ्या खिडकीत येत नाही, काका. पुढचे या."

पंधरापैकी आठ दिवस हताशपणातच गेले. नवव्या दिवशी ग्रंथपाल मागच्या बोळातून गाळ्याशी पोचले, तर बाई पुढच्या बाजूनं येऊन नोटीस वाचत उभ्या. पळायला वाव नव्हता.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. नाही म्हणायला एवढे दिवस लागतात का?"

"नाही, नाही. म्हणजे, नाही असं नाही."

"लग्न झालं तेव्हा मशिनं गॅलरीत काढली. सून राहिली तेव्हा जिन्याच्या वळणावर ठेवली. आता बिल्डिंगवाले तिथनं हलवा म्हणतात. एक तारखेपासून मी बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाणार. अंधार आहे, लांब आहे. बारातल्या पाच-सहा मुली तरी गळतील. पण काय करू? त्या शेडवाल्यानं पाच मिनिटांत हो म्हटलं."

ग्रंथपालांनी नोटिशीकडे बघितलं. "मी आपल्याला लेखी कळवतो," ते म्हणाले.

"अकरा महिने झाले, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो चढला नाही.

त्याच रविवारी मेहुणा एका गादीवाल्याला घेऊन घरी आला. गादीवाल्यांना गोदाम हवं होतं. म्हणजे पुन्हा कुलूप. किंमत त्यांनी अशी सांगितली, की आईच्या घराचे जवळजवळ अर्धे पैसे तिथल्या तिथं हवेत विरून गेले असते.

"भाऊजी, सील लागलं तर हेही मिळायचं नाही," मेहुणा म्हणाला. "बाजार अजून खाली चाललाय. आत्ता विकून मोकळं व्हायचं."

"तू तर उठतोय म्हणालास."

"तेव्हा उठत होता. ताई, बघ, मी तुझ्या भल्याचंच सांगतो."

ताई दारात उभी होती. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि तो तिनं अजून खाली ठेवला नव्हता. ती कुणाकडेच बघत नव्हती, टेबलावरच्या विसार पावतीकडे बघत होती. सही नवऱ्याची लागणार होती. ग्रंथपालांनी पेन घेतलं, टोपण काढलं, कागद वाचला. मग टोपण पुन्हा लावलं.

"सही नाही करता येणार," ते अगदी हळू म्हणाले. "गाळा राखीव आहे."

"झालं सुरू!" मेहुण्यानं कपाळावर हात मारला.

"राखीव?" बायको म्हणाली. "कुणासाठी?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ग्रंथपालांनी खण उघडला आणि तिन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिनं ट्रे ठेवला, चष्मा लावला, बाईंचं पत्र वाचलं, वरची तारीख बघितली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. गादीवाले चहा घ्यावा की नाही या विचारात होते.

"अकरा महिने," ती म्हणाली. "चार मशिनं आणि बारा मुली घेऊन एक बाई तिथं बसायला तयार होती. आणि तुम्ही मला रोज सांगत होतात, दिवस मंदीचे आहेत."

"ताई, मीच म्हटलं होतं की बाजार जरा..."

"तू बाजाराचं नाव काढू नकोस," ती भावाला म्हणाली. "गेलं वर्षभर तो उठतोय आणि बसतोय. त्याला काही कामधंदा नाही, पण त्या बाईला आहे." मग गादीवाल्यांकडे वळून म्हणाली, "तुम्ही चहा घ्या. तुमची काही चूक नाही."

गादीवाल्यांनी उभ्या उभ्या चहा घेतला. मेहुणा आपला न घेता गेला, आणि चहा न घेता तो या घरातून पहिल्यांदाच गेला असेल.

ग्रंथपाल खुर्चीत अंग चोरून बसले होते. पुढचं भाषण ऐकायची त्यांची तयारी होती. ते झालं नाही. बायकोनं दोन ओळींचं ते उत्तर त्यांच्यापुढे सरकवलं.

"लिहा पुढे."

"तूच जाऊन सांगतेस का? तुला बोलायला जमतं."

"पत्र कुणाला आलं होतं?"

ते मुकाट्यानं लिहू लागले. 'वाचून आनंद झाला' याच्यापुढे अकरा महिन्यांनी शाई बदलली. गाळा बाईंचाच आहे, भाडं त्यांनी लिहिलं तेच, करारनामा चार दिवसांत व्हावा ही विनंती, एवढं झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"ग्रंथालयात उशीर करणाऱ्याला दंड असतो," ते म्हणाले. "तो नियम आहे."

"किती?"

"महिन्याला एक आठवडा धरला, तर अकरा आठवडे भाडं घ्यायचं नाही."

बायकोनं विचार केला. "बारा लिहा," ती म्हणाली. "एक माझा. मीही कधी त्या गाळ्याकडे जाऊन बघितलं नाही."

सोमवारी सकाळी ते टपाल कचेरीत गेले. पाकिटावरचं तिकीट पुरणार नव्हतं. दर वाढले होते. साऱ्या मंदीच्या काळात त्यांच्या हाती असलेल्या वस्तूंपैकी ज्या एकीचा भाव खरोखर वाढला, ती हीच, आणि तीही त्यांनी जुन्या भावात चिकटवून ठेवलेली. वरचं तिकीट त्यांनी घेतलं, पण पाकीट तिथल्या पेटीत टाकलं नाही. गाळ्याला लागूनच भिंतीवर एक पेटी होती. ती ते रोज बघत होते. आज पहिल्यांदाच ते पुढच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, तिथवर चालत गेले.

पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं असेल, तोच वरून आवाज आला.

"साहेब! ते मला आहे का?"

बाई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी, हातात कात्री.

"हो," ग्रंथपाल म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"परवा मिळेल आपल्याला."

"परवा? अहो, मी इथं समोर उभी आहे!"

"पत्र टपालानं आलं होतं," ग्रंथपाल म्हणाले. हे बोलणं आपल्यालाच किती वेडगळ वाटतंय हे त्यांना कळत होतं, पण हात पेटीत होता आणि जीभ टाळूला.

गॅलरीत आणखी दोन-तीन मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक त्यांच्या वहीतली होती. पुस्तक परत द्यायची तिची तारीख उलटून गेली होती, पण ती विचारायची ही वेळ नव्हती.

"शेडवाल्याला आज पैसे द्यायचेत," बाई वरून म्हणाल्या. "देऊ की नको, एवढंच सांगा. बाकीचं परवा वाचते."

ग्रंथपालांनी घसा खाकरला. एकदा. दोनदा.

"ती मशिनं," त्यांनी मान वर करून विचारलं, "फार जड असतात का हो? जिन्यावरून खाली आणायला किती माणसं लागतील?"

मग बाईंनी हातातली कात्री शेजारच्या मुलीकडे दिली आणि कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "दोन लागतात. एक मी आहे."

"मग मी वर येतो," ग्रंथपाल म्हणाले, आणि पाकीट सोडून दिलं. पेटी बहुधा रिकामीच होती. ते तळाला पडल्याचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.